बोळकं सूप

मुलगी दारात येऊन उभी राहिली तेव्हा वहिनी वर्तमानपत्रावर लाल पेन्सिल फिरवत होत्या. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. नवरा गेला आणि त्याची खासगी तपासाची कचेरी त्यांच्या गळ्यात पडली, पण पेन्सिल काही सुटली नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि माणसाच्या बोलण्यातली खोट, दोन्ही त्यांना एकाच नजरेत दिसायच्या.

शेजारच्या खुर्चीत भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते कचेरीत येऊन बसत. त्यांचा उपयोग चहा मागवायला आणि वेळी-अवेळी म्हणी टाकायला.

"बसा," वहिनी म्हणाल्या.

मुलगी बसली. तिशी ओलांडलेली, साधे कपडे, डोळ्यांखाली काळं. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते म्हणाली.

"माझे वडील मागच्या गुरुवारी वारले. अपमानात."

"अरेरे," भाऊजी पुढे सरकले. "कुणी केला?"

"काय?"

"अपमान."

"ते हॉटेलचं नाव आहे," मुलगी कोरड्या आवाजात म्हणाली.

या शहरात सध्या असल्या हॉटेलांचं पेव फुटलं आहे. एका ठिकाणी तुरुंगाच्या कोठडीत बसवून जेवायला घालतात. दुसऱ्या ठिकाणी सलाइनच्या बाटलीतून सरबत पाजतात. तिसऱ्या ठिकाणी मिट्ट काळोखात वाढतात, म्हणजे ताटात काय पडलं याची तक्रारच नको. ‘अपमान’मध्ये वेटर गिऱ्हाइकाला वाट्टेल ते बोलतात आणि गिऱ्हाइकं पोट धरधरून हसतात. ज्यांना घरी कुणी वाईट बोलत नाही तेच हौसेने तिथे जातात, असं म्हणतात. ज्यांच्याशी घरी कुणी बोलतच नाही, तेही जात असावेत.

"पोलिसांनी वेटरला पकडलंय," मुलगी म्हणाली. "त्यानेच मारलं, ते मला माहीत आहे. मला दुसरंच विचारायचंय. माझे वडील मुख्याध्यापक होते. त्यांच्यापुढे मोठमोठी माणसं खुर्चीच्या कडेवर बसायची. आमच्या घरात मांजरसुद्धा त्यांना अहो-जाहो करायचं. असा माणूस अकरा महिने, दर गुरुवारी दुपारी, शिव्या खायला का जात होता? मला सांगायचे, वाचनालयात जातो. का जात होते ते? आणि ज्याच्याकडे जात होते त्याने त्यांना का मारलं? एवढं मला कळलं पाहिजे. नाहीतर मला वेड लागेल."

"मृत्यू कशाने झाला?"

"बदाम. त्यांना बदाम चालायचा नाही. कणभर पोटात गेला तरी घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. आमच्या घरात मी आजवर बदाम पाहिलेला नाही. गोळ्यांची पट्टी कायम जवळ असायची. डावीकडच्या आतल्या खिशात. मला कळायला लागल्यापासून तिथेच."

"घरात आणखी कोण?"

"कुणी नाही. आई गेली त्याला बारा वर्षं झाली. मोठा भाऊ होता, तो तिच्याही आधी गेला, मी नऊ वर्षांची असताना. घरातलं हसणं त्याच्याबरोबरच गेलं. मग शेवटी आम्ही दोघंच उरलो."

भाऊजींनी च्च् केलं. वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्या वेटरला पाहिलंत?"

"पोलीस म्हणाले, ओळखीचा आहे का बघा. मी म्हटलं, त्याचं तोंडही मला बघायचं नाही."

*

इन्स्पेक्टर वहिनींना ओळखत होते. ओळखत होते म्हणूनच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"वहिनी, यात तुम्हाला शोधायला काही उरलेलं नाही. केस आरशासारखी लख्ख आहे. सूपमध्ये बदामाची पेस्ट. या वेटरला पक्कं माहीत होतं की म्हाताऱ्याला बदाम चालत नाही. अकरा महिने तो बिनबदामाचं सूप आणत होता. त्या दिवशी मुद्दाम बदामाचं आणलं. म्हातारा घुसमटायला लागला, तर याने चाळीस लोकांदेखत थेट त्याच्या आतल्या खिशात हात घातला. आम्ही पोचलो तेव्हा गोळ्यांची पट्टी याच्या मुठीत! औषधच काढून घेतलं, बोला."

"पट्टीतल्या किती गोळ्या कमी होत्या?"

"एक. ती म्हाताऱ्याच्या घशात मिळाली, आख्खी. गिळताच आली नाही. त्याने स्वतः कशीबशी तोंडात टाकली असणार, मग याने पट्टी हिसकावली."

"कारण?"

"दिवसभर लोकांना शिव्या घालणाऱ्या माणसाला कारण लागतं होय? नाव खोटं दिलंय, कागदपत्रं नाहीत. हॉटेलात ‘कुऱ्हाड’ म्हणतात. जीभ तशी आहे म्हणे. इथे आल्यापासून मात्र मिठाची गुळणी धरून बसलाय."

कोठडीत चाळिशीच्या आसपासचा एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. कानामागे पांढऱ्या रंगाचे पोपडे अजून तसेच होते. वहिनींनी दोन-तीन साधे प्रश्न विचारले. उत्तर नाही. भाऊजींचा धीर सुटला.

"अरे, बोल की! तो म्हातारा तुझ्या हातचं खाऊन मेला ना?"

माणसाने मान वळवली. डोळे लालबुंद होते.

"‘गेले’ म्हणा," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "बघा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. खुनी तो खुनी, वर आपल्यालाच बोलायला शिकवतोय."

*

‘अपमान’ बंद होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. दारावर पाटी होती: ‘आलास? तुझीच कमी होती.’ एरवी त्या पाटीला हसू आलं असतं.

मालकीणबाई एकेकाळी रंगभूमीवर खाष्ट सासूची कामं करायच्या. हॉटेलातही काउंटरवर त्याच भूमिकेत बसायच्या, म्हणून सगळे त्यांना ‘सासूबाई’ म्हणत. आज त्यांच्या चेहऱ्यावर कुठलीच भूमिका नव्हती.

"इथे नियम एकच. आत आला तो ‘तू’. मंत्री येवो नाहीतर माझा सख्खा बाप येवो. वेटरच्या तोंडून ‘तुम्ही’ निघालं की त्या दिवशीची भांडी त्याने घासायची."

"कुऱ्हाडीने किती वेळा घासली?"

"सात वर्षांत एकदाही नाही. तसा पोरगा पुन्हा मिळायचा नाही. तोंडभर पांढरा रंग लावायचा. बाकीचे कुणी लावत नाहीत, हा त्याचा हट्ट. म्हणायचा, तोंड दाखवायची मला मनाई आहे. आम्ही हसायचो. त्याचं काय खरं आणि काय खोटं, कुणाला कळणार?"

"त्या गुरुवारी तुम्ही इथेच होता?"

सासूबाईंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"तो ओरडत होता, डॉक्टर बोलवा, कुणीतरी डॉक्टर बोलवा. आणि लोक टाळ्या वाजवत होते. एकाने तर वन्स मोअर दिला. मीसुद्धा हसले हो. म्हटलं, पोराने नवीन काहीतरी बसवलंय. चांगली दोन-तीन मिनिटं आम्ही सगळे हसत होतो. अहो, उभा जन्म नाटकात घालवला मी, आणि खरं रडणं मला ओळखता आलं नाही."

त्यांना सावरू देऊन वहिनींनी विचारलं, "गिऱ्हाइकाला काय चालत नाही, हे तुम्हाला कसं कळतं?"

सासूबाईंनी एक खोका पुढे केला. पहिल्यांदा येणाऱ्याने त्यातलं कार्ड भरायचं. वर छापलेलं: ‘तुझे नखरे काय? इथे लिही.’ मुख्याध्यापकांचं कार्ड शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी ‘तुझे’ खोडून वर वळणदार अक्षरात ‘आपले’ केलं होतं आणि ‘लिही’चं ‘लिहा’. त्याखालची जागा कोरी होती.

"वा!" वहिनींना राहवलं नाही. "आमच्या बिरादरीतले दिसतात."

"पहिल्या दिवशी जुने सहकारी त्यांना गंमत म्हणून घेऊन आले होते," सासूबाई म्हणाल्या. "फार चिडले होते. मला वाटलं, पुन्हा पायरी चढायचे नाहीत. पुढच्या गुरुवारी एकटेच आले. मग कधी चुकले नाहीत. सूप घ्यायचे, कुऱ्हाडीचं ऐकून घ्यायचे आणि जायचे. ‘सूप’ या शब्दापलीकडे मी त्यांच्या तोंडून काही ऐकलं नाही."

"कुऱ्हाडीचं कुणाशी वाकडं होतं?"

"आमच्या कुकशी. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य."

भाऊजींनी वहिनींना कोपराने ढोसलं.

*

कुक स्वयंपाकघरात एका उलट्या बादलीवर बसला होता. दांडगा माणूस, हातांवर भाजल्याचे जुने डाग. चार दिवसांत काही शिजवलं नव्हतं तरी अंगावर ॲप्रन होता.

"भांडण कशावरून व्हायचं?" भाऊजींनी डरकाळी फोडली.

"तो ऑर्डर द्यायच्या खिडकीवर चमच्याने वाजवायचा, मला आवडायचं नाही. असल्याच गोष्टींवरून. त्यावर कुणी कुणाचा जीव घेतो होय साहेब?"

वहिनींनी सूपचं विचारलं.

"भोपळ्याचं सूप. एकच मोठं पातेलं. वाटीत ओतलं की शेवटी बदामाची पेस्ट एक चमचा, दाटपणा यायला. सगळ्यांना तसंच जातं."

"ज्याला नको असेल त्याला?"

"तर वेटर सांगतो. पण आमची भाषा वेगळी आहे बाई. इथे शिवीशिवाय ऑर्डर पोचत नाही. ‘रडका एक’ म्हणजे तिखट नको. ‘खादाड एक’ म्हणजे डबल. ‘बोळकं एक’ म्हणजे बदाम नको, तोंडात दातच नाहीत ना! हॉलमधल्या लोकांना वाटतं चेष्टा चाललीय. मला ऑर्डर कळते."

"मुख्याध्यापकांच्या सूपला?"

"बोळकं. पहिल्या दिवसापासून. त्या टेबलाचं बोळकं कधी चुकलं नाही. एकदा मी म्हटलं, ऐकू आलं रे बाबा, तर पुन्हा आत येऊन माझ्या हाताकडे बघत उभा राहिला, वाटी भरेपर्यंत."

"आणि मागच्या गुरुवारी?"

कुकने ॲप्रनचं टोक मुठीत धरलं.

"खिडकीशी आला. चमचा वाजवला नाही. म्हणाला, ‘एक सूप द्या हो.’ मला! रोज मला ‘ए हत्ती’ म्हणणारा माणूस! मी हसलो. म्हटलं, काय रे, ताप-बिप आहे का? वाटीची वाट बघत नुसता उभा राहिला. माझ्या हाताकडे नाही, हॉलकडे बघत. मी हसत हसत चमचा घातला बाई. माझ्या या हाताने घातला."

भाऊजींचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी स्वतः जाऊन कुकला पाणी आणून दिलं.

*

गिऱ्हाइकांनी फोनवर काढलेल्या चित्रफिती हॉटेलकडे पुष्कळ होत्या. वहिनींनी कुऱ्हाडीच्या चौदा निवडल्या आणि कचेरीत बसून दोनदोनदा ऐकल्या. भाऊजी हसू दाबत होते, मग दाबेनासे झाले.

"अरे ए, खुर्चीवर बसतोयस की तिला गिळतोयस?" हे एका लठ्ठ माणसाला.

"मेनू कसला वाचतेस, परीक्षा आहे का तुझी?" हे एका बाईला.

"तुझा आवाज ऐकून दूध फाटलं आमचं!" हे एका गाणाऱ्याला.

मग मुख्याध्यापक. ताठ बसलेले, हात टेबलावर जुळवलेले.

"आले! गुरुवार उजाडला की हे हजर! कॅलेंडर काढून टाका रे भिंतीवरचं!"

"चेहरा बघा, चेहरा! साऱ्या जगाचा गृहपाठ राहिलाय जणू!"

"एवढ्या आठ्या! इस्त्रीवाल्याला बोलवा कुणीतरी!"

हॉल हसत होता. मुख्याध्यापक हसत नव्हते. पण पाचव्या-सहाव्या चित्रफितीत त्यांनी रुमाल तोंडापाशी नेला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

वहिनी कागदावर दोन रकाने पाडून खुणा करत होत्या. एका रकान्यात एकसष्ट खुणा झाल्या. दुसऱ्यात एकही नाही.

"काय मोजताय?"

"व्याकरण," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "भाऊजी, हे न सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘अपमान’च्या हॉलमध्ये मोजकीच माणसं जमली. सासूबाई काउंटरजवळ, कुक स्वयंपाकघराच्या दारात. मुलगी दाराकडे पाठ करून बसली होती; त्याला आणणार असाल तर मला त्याच्याकडे बघायला लावू नका, असं तिने आधीच बजावलं होतं. इन्स्पेक्टर कुऱ्हाडीला घेऊन आले आणि त्याला मागच्या टेबलाशी बसवलं. एक हात बेडीने टेबलाच्या पायाला अडकवला.

"मी लांबण लावत नाही," वहिनी म्हणाल्या. "इन्स्पेक्टरसाहेब, तुम्ही म्हणता की याला बदामाचं माहीत होतं. बरोबर. मग मला सांगा, कळलं कसं?"

"म्हाताऱ्याने सांगितलं असेल."

"ते ‘सूप’पलीकडे बोलत नव्हते. आणि हे त्यांचं कार्ड. छापलेलं व्याकरण सुधारलंय, पण खाली एक अक्षर नाही. मग पहिल्याच गुरुवारी ‘बोळकं एक’ कसं गेलं? म्हणजे हा त्यांना आधीपासून ओळखत होता."

इन्स्पेक्टर काही म्हणणार होते. वहिनींनी हात वर केला.

"आता खिसा. माणूस कोसळला तर अनोळखी माणूस आधी पाणी शोधतो. फार तर सगळे खिसे उलटेपालटे करतो. याने थेट एकाच खिशात हात घातला आणि पट्टी काढली. ती डावीकडच्या आतल्या खिशात असते, हे घरच्या माणसाला माहीत. आणि औषध चोरायचंच होतं, तर एक गोळी त्यांच्या घशात कशी? सुजलेल्या घशाचा, घुसमटणारा माणूस स्वतः पट्टी फोडून गोळी काढेल? ती यानेच काढली आणि त्यांच्या तोंडात घातली. पण उशीर झाला होता."

मुलीची पाठ ताठ झाली.

"तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. इथला नियम, सगळ्यांना ‘तू’. मी याची एकसष्ट वाक्यं मोजली ज्यांत तो गिऱ्हाइकाला ‘तू’ म्हणतो. बसतोयस, वाचतेस, तुझा, तुझी. मुख्याध्यापकांना एकदाही नाही. ‘हे हजर’, ‘चेहरा बघा’, ‘इस्त्रीवाल्याला बोलवा’. सगळं हॉलकडे तोंड करून. त्यांना ‘तुम्ही’ म्हणायची सोय नव्हती आणि ‘तू’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. अकरा महिने हा माणूस ती दोन्ही रूपं चुकवत, त्यांच्या आजूबाजूने बोलत राहिला. कोठडीत तोंड उघडलं तेही कशासाठी? ‘मेला’ नाही, ‘गेले’ म्हणा."

"म्हणजे कोण हा?" भाऊजींनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

वहिनी मुलीकडे वळल्या. "आई गेली म्हणालात. भाऊही गेला म्हणालात. आपल्या भाषेत हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. तुमचा भाऊ वारला का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "घरातून गेला. शाळेच्या स्नेहसंमेलनात दादाने बाबांची नक्कल केली. सगळी शाळा हसली. बाबांनी तिथेच, स्टेजवर, त्याच्या मुस्काटात मारली आणि म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." तिचा आवाज बारीक होत गेला. "त्याने नाही दाखवलं."

"म्हणूनच तो रंग," वहिनी हळूच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी वडिलांनी आवाज ओळखला असणार. इतरांच्या सूपमध्ये बदाम होता, यांनी आपलं खाल्लं तर काही झालं नाही, तेव्हा खात्रीच पटली असेल. त्यानंतर अकरा महिने त्यांनी एकदाही विचारलं नाही की यात बदाम आहे का. एवढा बिनघोर माणूस फक्त घरी जेवतो. तुम्ही विचारलं होतंत, ते इथे का यायचे. यासाठी."

मुलगी अजून वळली नव्हती.

"मग मारलं का?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"मारलं नाही. या स्वयंपाकघराला शिवीचीच भाषा कळते. ‘बोळकं’ म्हटलं तर बदाम वगळतात. नीट, आदराने, ‘एक सूप द्या हो’ म्हटलं तर चमचा पडतो. त्या गुरुवारी याला शिवी देता आली नाही. का, ते तोच सांगेल. वाकडं बोलत होता तोवर ते जगले, एकदा सरळ बोलला आणि घात झाला."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," भाऊजी सवयीने पुटपुटले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते शरमेने लाल झाले. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

कुक दारातच खाली बसला होता.

"काय झालं होतं त्या दिवशी?" मुलीने विचारलं. प्रश्न समोरच्या भिंतीला होता.

मागच्या टेबलाशी बेडी वाजली. हॉल दणाणून सोडणाऱ्या त्या माणसाचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"ते आले, बसले. मी नेहमीसारखं सुरू केलं. इस्त्रीवाल्याचंच काहीतरी. लोक हसले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘दमलायस रे तू.’ एवढंच. पुढे काही नाही. बावीस वर्षांनी. माझ्या डोळ्यांपुढचं सगळं गेलं. खिडकीशी जाऊन काय बोललो, ते मला आताच कळतंय. मला वाटत होतं मी बोळकं म्हणालो. पाच दिवस मी आठवतोय, मी म्हणालो होतो ना? म्हणालो होतो ना?"

"दादा," मुलगी म्हणाली.

ती वळली. चाळिशीचा, विरळ केसांचा, कानामागे रंगाचे पोपडे असलेला तो माणूस तिने नीट पाहून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं.

"टिंगू," तो म्हणाला. "केवढी झालीस."

"‘दमलायस’ म्हणाले? असंच म्हणाले?"

"हो."

"आवाज कसा होता?"

"मऊ होता. मी आजारी पडलो की लहानपणी यायचा तसा."

मुलीने मान हलवली. ती उभी राहिली.

"बारा वर्षं," ती म्हणाली. "दिवसभर दुकानात उभी, मग घरी येऊन त्यांचं जेवण, त्यांचे कपडे, त्यांची औषधं. लग्नाचं विचारायला आलेल्यांना मी परत पाठवलं. तक्रार नाही केली मी. ते कुणाशीच तसं बोलत नाहीत, असं मला वाटायचं. स्वभाव आहे, म्हणायची मी. त्यांना येतच नसेल." तिने ओठ दाबले. "येत होतं की. मला नाही म्हणाले कधी."

"टिंगू—" तो उठायला गेला. बेडीने हात मागे खेचला.

तिने खांद्याला पर्स अडकवली. वहिनी पुढे आल्या, तिने नुसती मान हलवून त्यांना थांबवलं. दार उघडलं, रस्त्यावरचं दुपारचं ऊन आत आलं, आणि दार पुन्हा मिटलं.

इन्स्पेक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि बेडी सोडवली. "चौकीवर येऊन सही करावी लागेल. निष्काळजीपणा म्हणून काय ते कोर्ट बघेल. पण खून नाही. आता सुटलास."

तो जागचा हलला नाही. मोकळा झालेला हात त्याने तसाच टेबलावर ठेवला होता. "कुठे जाऊ?" त्याने विचारलं. इन्स्पेक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होत्या.

सासूबाईंनी भिंतीपाशी जाऊन हॉलमधले दिवे एकेक करून बंद केले.